आधी वास, मग चहा

"आधी वास, मग चहा."

लातूरच्या त्या कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात तुम्ही कुठल्याही कामानं गेला असता, तरी अण्णांनी तुमचं स्वागत याच शब्दांत केलं असतं. खुर्चीतून उठायचे, भर मार्चच्या उन्हात गळ्याला मफलर आवळायचे, पाहुण्याच्या दंडाला धरायचे आणि मागच्या लहान खोलीकडे निघायचे. पाहुणा वीज कंपनीचा माणूस असो, ट्रक ड्रायव्हर असो की लेकीच्या सासरचे व्याही असोत. आत गेलं की रॅकवरच्या एका गोल पत्र्याच्या डब्याचं झाकण उचलायचं, डबा पाहुण्याच्या नाकाखाली धरायचा आणि निकाल विचारणाऱ्या पोरासारखा चेहरा करून म्हणायचं, "येतो का?"

"कशाचा, अण्णा?"

"ते तू सांग. नाक तुझं हाय."

कारण अण्णांना स्वतःला वास येत नव्हता. अजिबात नाही. कोल्ड स्टोरेजची मशीन अमोनियावर चालते. बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा मशीनरूममध्ये तो गॅस सुटला. कामगारांना बाहेर काढून अण्णा तोंडाला ओलं फडकं बांधून आत घुसले आणि त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला. जीव वाचला, पण वास गेला तो गेलाच. अण्णांच्या बायको, आमच्या काकू, म्हणायच्या, "माणूस परत आला, नाक तिथंच ऱ्हायलं." दूध करपलं तरी हा माणूस शेजारी बसून पेपर वाचत असायचा.

आता त्या डब्यांत काय होतं ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई कुठल्या कुठं निघाली.

आमचा नांदेडला फोटो स्टुडिओ होता. अब्बांनी तरुणपणी हौसेनं एक जुना सिनेमाचा कॅमेरा घेतला होता, हातानं चावी देऊन चालवायचा. तो खांद्याला अडकवून ते उमरी, मुदखेड, नायगावचे आठवडी बाजार फिरायचे. बाजार, बैल, बांगडीवाल्या, शाळेची गॅदरिंग, जे दिसेल ते टिपायचे. फिल्म धुऊन आली की पुन्हा त्याच गावी जायचे आणि शाळेच्या पटांगणात चादर बांधून लोकांना लोकांचंच दर्शन घडवायचे. अम्मी चिडायची. "लोग शादी के फोटो को बुला रहे, और ये बैलां के पिच्छे!" अब्बा हसून म्हणायचे, "शादीवाले तो फिर बुलाएंगे."

अब्बा गेले. फिल्मचे डबे स्टुडिओच्या माळ्यावर, पत्र्याखाली पडून राहिले. नांदेडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. एके दिवशी स्टुडिओ रिकामा करायला मी शिडीवर चढले, एक डबा उघडला, आणि या अल्ला! सिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा, भपकारा असा आला की मला वाटलं कुणी सिरक्यातल्या कांद्याची बरणी फोडली. शोधत शोधत फिल्म जपण्याचं काम करणाऱ्या एका मॅडमचा नंबर मिळवला. त्यांनी फोनवर समजावलं. ही जुनी फिल्म आपोआप आंबते. तिच्यातून आम्लाची वाफ निघते, ती वाफ त्याच फिल्मला आणखी खाते आणि शेजारच्या डब्यालाही रोग लावते. पुढं फिल्म आक्रसते, कडक होते आणि मशीनवर चढतच नाही. तिची नक्कल करून घ्यायला त्यांच्याकडं मोठी रांग होती. "आमचा नंबर लागेपर्यंत काय करू?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "थंड ठेवा, कोरडं ठेवा. झाकणं सैल ठेवा, वाफ आत कोंडू देऊ नका. आणि जी आजारी असेल तिला बाकीच्यांपासून लांब ठेवा."

थंड आणि कोरडं! मी शाळेत मराठी शिकवणारी बाई, माझ्याकडे एक फ्रीज, त्यात कोथिंबिरीलाच जागा नाही. नांदेडात हळदीच्या गोदामवाल्यांना विचारलं, ते हसले. मग कुणीतरी लातूरच्या अण्णांचं नाव सांगितलं. त्यांच्याकडे चिंच, खजूर, गूळ असा सगळा माल असायचा, आणि एक लहान कोरडी खोली होती, पूर्वी बियाण्याची. त्या काळात ती रिकामी होती.

"किती पोती हायत?" अण्णांनी मान वर न करता विचारलं.

"पोती नाहीत. सिनेमाच्या फिल्म आहेत. माझ्या वडिलांनी काढलेल्या, उमरीकडच्या बाजारांच्या."

मान वर झाली. "उमरीच्या? चादरीवर दाखवायचे ते? फोटोवाले भाई?"

मी हो म्हटलं. अण्णा उठून खिडकीपाशी गेले. त्यांचं आजोळ उमरीजवळचं. वडील लवकर गेल्यावर माय त्यांना घेऊन माहेरी राहिली होती आणि बाजारात चिंच विकायची. अण्णा शाळेतही जात नव्हते तेव्हा अब्बांनी तिचं चित्र घेतलं होतं, आणि पुढं पटांगणात त्या मायलेकरांनी ते पाहिलंही होतं.

"चादरीवर पण माय, अन् शेजारी पण माय," अण्णा म्हणाले. "मी एकदा हिकडं बघायचो, एकदा तिकडं. ती मला चिमटे काढून म्हणायची, गप बस की, लोकं बघून राहिलेत."

पुढच्याच पावसाळ्यात ती तापानं गेली. तिचा एकही फोटो कुणाकडे नव्हता. "चेहरा आठवतो असं मी म्हणतो," अण्णा म्हणाले, "पण खरं सांगू का ताई, न्हाई आठवत. लुगड्याचा रंग आठवतो. चेहरा पुसला."

मी आणलेल्या डब्यांपैकी एकावर अब्बांच्या अक्षरात 'उमरी, चिंचवाल्या' असं लिहिलेलं होतं. तो डबा मी त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. मी भाड्याचा विषय काढला, तर असे खेकसले की पुन्हा तो शब्द तोंडातून काढायची माझी छाती झाली नाही.

तेव्हापासून अण्णांचं एकच ध्येय. आमचा नंबर लागेपर्यंत मायची फिल्म टिकली पाहिजे. त्यांनी खोलीत नवे लाकडी रॅक केले. वाफ बाहेर ओढायला पंखा बसवला. मॅडमनी वाफ शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या पाठवल्या होत्या, त्या प्रत्येक डब्यात घातल्या. सोबत निळ्या कागदी पट्ट्याही होत्या. डब्यात ठेवायच्या, आंबटाई वाढली की पट्टी हिरवी होते, फारच वाढली की पिवळी. पण अण्णांचा पट्टीपेक्षा माणसांवर विश्वास. "कागद काय, कागदाला नाक असतं का?" म्हणून हा वासाचा कार्यक्रम.

नाकांची त्यांनी प्रतवारीच लावली होती. ड्रायव्हर लोक बाद, कारण तंबाखू. व्याही बाद, कारण भीडेपोटी "छान येतोय" म्हणाले. चिंच फोडायला येणाऱ्या बायांची नाकं एक नंबर. माझं नाक दोन नंबर. का, तर मी अत्तर लावते. मी म्हटलं, "अण्णा, मी डबे तपासायला अत्तर लावून येते का?" तर म्हणाले, "तुझ्या अम्मीच्या हातचं जेवण लई मसालेदार असंल मग. काहीतरी कारण असंलच."

एकदा मी रमजानात गेले. अण्णांनी खोलीच्या दारातच मला थांबवलं आणि गंभीरपणे विचारलं, "ताई, वास घेतल्यानं रोजा तुटतो का?"

"तुटत नाही हो."

"नक्की? कुणाला विचारू का? माझ्या मायपायी तुझा रोजा नको तुटायला."

मला हसू आवरेना. त्या दिवशी ऑफिसात कुणालाच चहा मिळाला नाही. बिचारा हिशोबनीस चार वाजता तोंड सुकवून बसला होता. निघताना अण्णांनी कोल्ड स्टोरेजमधल्या खजुराचं खोकं माझ्या हातात ठेवलं. "बसमध्ये सोडशील तर हाताशी असू दे." तो गारेगार खजूर नांदेडच्या रस्त्यावर संध्याकाळी तोंडात घातला, तेव्हा माझे डोळे भरून आले. अब्बा असते तर त्यांनीही असंच काहीतरी वेडं विचारलं असतं.

शाळेला सुट्टी लागली की मी लातूरला जायची. सगळे डबे तपासायची, पट्ट्या बघायची. फक्त एका डब्याला अण्णा हात लावू द्यायचे नाहीत. "तिचं मी बघतो." मायचा डबा त्यांनी सगळ्यात आत, सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवला होता. त्यावर पांढरा पंचा गुंडाळलेला आणि त्याच्या गाठीत निळी पट्टी खोचलेली. प्रत्येक वेळी ती पट्टी अभिमानानं दाखवायचे. "बघ, मायची अजून निळीशार!" मी म्हणायची, "वा अण्णा." आजारी माणसाची सेवा त्याच्या लेकानं करावी, त्यात आपण कशाला बोलायचं, असं वाटायचं.

आता त्या खोलीच्या भिंतीला लागूनच चिंचेची मोठी खोली. तिथं फोडलेली चिंच छतापर्यंत रचलेली असायची. त्यामुळं "येतो का?" ला बहुतेकांचं उत्तर ठरलेलं, "आंबट येतो अण्णा, पण तो चिंचेचा." अण्णा खूश. मीही तेच म्हणायची. चिंचेच्या कोठारात आंबट वास येणार नाही तर काय मोगऱ्याचा येणार?

नवी चिंच यायच्या आधी ती खोली रिकामी करून धुतात. त्या वर्षी नेमकी मी तेव्हाच गेले. भिंती धुऊन, दारं उघडी टाकून, सगळं वारं लागून कोरडं झालं होतं. धुणाऱ्या बायांपैकी एका मावशीला अण्णांनी सवयीनं आत बोलावलं. आधी वास, मग चहा. मावशीनं डबा हुंगला, मग मान उचलून खोलीतली हवा हुंगली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अण्णा, चिंच तर गेली की. मग ह्यो आंबट कशाचा येलालाय?"

मी एकेक डबा नाकाला लावत पुढं सरकले. कोपऱ्यातल्या पांढऱ्या पंच्यापाशी पोचले, तर डोळेच चुरचुरले. "अण्णा, हा सोडावा लागेल," मी म्हटलं.

त्यांनी स्वतः गाठ सोडली. पंच्याच्या आत प्लॅस्टिक. प्लॅस्टिकच्या आत झाकणाच्या कडेनं गच्च चिकटपट्टी, एकावर एक फिरवलेली. लोणच्याच्या बरणीला आपण फडक्याचा दादरा बांधतो ना, तसं. लोणचं हवा लागली की बिघडतं, हे अण्णांच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. बाकीच्यांची झाकणं त्यांनी मॅडमच्या सांगण्याप्रमाणे सैल ठेवली. आपल्या मायला मात्र हवा लागू दिली नाही. आणि निळी पट्टी बाहेर, गाठीत. ती बिचारी कशाला रंग बदलेल?

झाकण उघडलं तशी मी मागं सरकले. अण्णा वाकून आत बघत होते, त्यांना काहीच कळत नव्हतं. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"मायचा येतो?"

"हो अण्णा."

"मी बांधून ठेवलं म्हणून?"

खोटं बोलून भागणार नव्हतं. "हो. वाफ आतल्या आत कोंडली."

ते खाली फरशीवर बसले. एवढा धिप्पाड माणूस, मफलर सुटलेला. मी शेजारच्या डब्यांतल्या पट्ट्या काढून पाहिल्या. त्या मायच्या डब्याजवळच्या तेवढ्या हिरवट व्हायला लागल्या होत्या. प्लॅस्टिक आणि पंच्यातूनही वाफ झिरपत होती. मी म्हटलं, "आज मायचा डबा त्या टोकाला ठेवू. उद्या काहीतरी बघू."

"न्हाई." अण्णा उठले. "ह्या खोलीत न्हाई आता."

"अहो, बाहेर गरमीत ती लवकर जाईल! इथं थंडाव्यात निदान—"

"जाईल तर जाऊ दे ताई. इथं दुसऱ्यांचे मायबाप हायत. माझ्या एकट्याच्या मायपायी त्यांचं वाटोळं कामून करायचं?"

आणि त्यांनी तो डबा स्वतःच्या हातानं उचलला आणि बाहेर आणला. लोकहो, मी आयुष्यात पुष्कळ मोठी माणसं पाहिली, हारतुरे घेणारी. पण त्या दारातून डबा छातीशी धरून बाहेर येणाऱ्या माणसापुढं मला सगळी लहान वाटतात. त्या रॅकवर असलेल्या एकाही माणसाशी त्याचं नातं नव्हतं.

गारव्यातून काढलेला डबा लगेच उघडा ठेवायचा नसतो, पाणी सुटतं. म्हणून पिशवीत घालून त्याचा गारठा हळूहळू उतरू द्यावा लागतो. अण्णा दुपारभर ऑफिसात तो डबा मांडीवर घेऊन बसले होते. मालाचे लोक येत होते, हिशोबनीस त्यांना परस्पर वाटेला लावत होता. मी मॅडमना फोनवर फोन लावत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "इतकी बिघडली असेल तर रांगेचं राहू दे. घेऊनच या."

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या जीपमधून निघालो. काचा खाली, डबा मागच्या सीटवर, झाकण सैल. सगळ्या गाडीत सिरका. माझे डोळे गळत होते. अण्णा सारखे आरशातून बघायचे.

"वासानं रडून राहिलीस का?"

"वासानंच, अण्णा."

"बरं," ते म्हणाले. आणि मॅडमच्या दारापर्यंत जीप हळूच चालवली.

मॅडमनी रीळ पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. बाहेरचे वेढे एकमेकांना चिकटले होते, ते गेलेच. आतले थोडे सुटतील असं वाटत होतं. मशीनवर नाही, हातानं, तुकड्या-तुकड्यानं. "शब्द देत नाही," त्या म्हणाल्या. अण्णांनी त्यांना हात जोडले आणि म्हणाले, "तुम्ही फक्त माझी माय बघितली तर सांगा, कशी हाय ते. तेवढं लई झालं."

पुढं बरेच आठवडे गेले. मग एके दुपारी माझ्या फोनवर मायच्या फिल्मच्या सुटलेल्या तुकड्याचं चित्र आलं. मी रजा टाकली आणि तडक लातूर गाठलं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लावलं. काकूही पदराला हात पुसत आल्या. चित्रावर ओरखडे, कडा वितळल्यासारख्या. बाजार हलत होता. बैलाची शेपटी, छत्री, मग चिंचेचा ढीग. ढिगामागं एक बाई. तिनं कॅमेरा पाहिला आणि झटकन पदर तोंडावर धरला, पण डोळे हसतच होते. मांडीपाशी एक केस विस्कटलेलं पोर उठायला बघत होतं, तर तिनं दुसऱ्या हातानं त्याचं डोकं खाली दाबलं आणि तो हात तसाच तिथं ठेवला. संपलं.

मी पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. मग अण्णांनी स्वतःचा हात टकलावर ठेवला आणि तिथंच राहू दिला.

"माझ्या डोक्यावर हात हाय बघ," ते म्हणाले. "हीच. हसताना अशीच तोंड झाकायची."

काकू रडत होत्या. मलाही राहवेना, म्हणून मी आपली चेष्टेनं विचारलं, "अण्णा, आता येतो का चिंचेचा वास?"

"येडी का काय तू! नाक गेलं ते गेलं." आणि हसले. "दिसली की. अजून काय पायजे?"

नक्कल झाल्यावर मॅडमनी उरलंसुरलं रीळ परत दिलं. अण्णांनी ते बाकीच्या डब्यांजवळ नेलं नाही. घरी दिवाणखान्याच्या फडताळात ठेवलं, झाकण सैल करून. काकू म्हणायच्या, "लग्नाला इतकी वर्षं झाली, आता सासूबाई घरी आल्या. अन् आल्या त्या आंबटच! घरभर सिरका. ह्यांना काय, ह्यांना कुठं येतो वास?" पण फडताळाला त्यांनी कधी कुलूप लावलं नाही की डबा हलवला नाही.

अण्णा गेल्या हिवाळ्यात गेले, झोपेतच. त्यानंतर आमचा नंबर लागला. राहिलेले सगळे डबे शाबूत निघाले. हिरवट पट्ट्यांवाले सुद्धा. आम्ही उमरीला चादर बांधली. लोक पटांगणात ओरडत होते, "अरे हा तर आबा!" "माय गं, ही आमची आत्या!" एक म्हातारी चादरीपाशी जाऊन चित्रातल्या पोरीच्या गालाला बोट लावून आली. तिथं जमलेल्या कुणालाच ठाऊक नव्हतं की लातूरच्या एका माणसानं आपली माय बाहेर काढून त्यांची आत ठेवली होती. मी माईक घेऊन ते सांगितलं. नीट सांगता आलं नाही. पण सांगितलं.

मूळ फिल्म अजून त्याच खोलीत असतात. परवा सुट्टीत गेले. ऑफिसात आता काकू बसतात, अण्णांच्या खुर्चीवर नाही, शेजारच्या स्टुलावर. खुर्चीच्या पाठीला मफलर तसाच आहे. मी "काकू, बऱ्या आहात ना?" म्हणत टेकणार, तोच त्या उठल्या.

"बसू नको. आधी वास, मग चहा."

मी आत गेले. एकेक झाकण उचललं, एकेक डबा नाकाशी धरला. घाई केली नाही. अत्तर मी त्या दिवशी लावलंच नव्हतं. बाहेर आले तर काकू दाराशीच उभ्या होत्या.

"येतो का?"

"नाही येत, काकू. एकाचाही नाही येत."

त्यांनी मान हलवली. मग त्या रिकाम्या खुर्चीकडे वळल्या आणि जरा मोठ्यानं, पलीकडच्या खोलीतल्या माणसाला सांगावं तशा म्हणाल्या, "ऐकलं का हो? न्हाई येत म्हणलालीय."

आणि चहा ठेवायला आत गेल्या.